बाबांना येश्केची कालप्रवासाची जर्मन कादंबरी वाचून दाखवतेय: भूमध्य समुद्र खरंच आटला होता का? आणि 'परवा'चं काय करू?

डिचोलीची:

दोन प्रश्न आहेत. एक समुद्राचा, एक मराठीचा. दोन्ही एकाच पुस्तकातून निघालेत म्हणून एकाच धाग्यात विचारते.

माझ्या मावशीच्या मोरजीला तीन खोल्या आहेत, त्या ती मोसमात भाड्याने देते. गेल्या वर्षी एक वयस्क जर्मन जोडपं महिनाभर राहून गेलं आणि जाताना पुस्तकांची एक पिशवी तिथेच ठेवून गेलं. मावशीने ती माझ्यासाठी जपून ठेवली, कारण आमच्या घरात जर्मन वाचणारी मी एकटीच. पुण्याला नोकरीत होते तेव्हा मॅक्स म्युलर भवनात संध्याकाळचे वर्ग करून बी-टूपर्यंत शिकले होते. बाबांच्या डोळ्यांसाठी डिचोलीला परत आले आणि जर्मन मागे पडली ती पडलीच. पिशवीतली बाकीची पुस्तकं खून-तपासाची होती. तळाशी एक जुनं, पान पिवळं पडलेलं पेपरबॅक होतं: वोल्फगांग येश्के यांचं 'डेर लेट्स्टे टाग डेर श्योप्फुंग', म्हणजे 'सृष्टीचा अखेरचा दिवस'. कादंबरी १९८१ची. इंग्रजीतही आली आहे, पण मी मूळच वाचतेय.

गोष्ट थोडक्यात अशी. जमिनीच्या जुन्या थरांत अशा काही वस्तू सापडतात ज्या तिथे असूच शकत नाहीत, कारण त्या आजच्या यंत्रांचे तुकडे असतात. म्हणजे कुणीतरी मागच्या काळात जाणार आहे, नव्हे, जाऊन आलेलं आहे. त्यावरून अमेरिका ठरवते की माणसं आणि यंत्रं सुमारे पन्नास लाख वर्षं मागे पाठवायची आणि मध्यपूर्वेतलं खनिज तेल आजच्या मालकांच्या आधीच उपसून घ्यायचं. हे शक्य वाटतं कारण त्या काळी भूमध्य समुद्र कोरडा होता. तेलाचे नळ टाकायला मधे पाणीच नाही. गेलेली माणसं मात्र तिकडे अडकतात. ती ज्या जगातून निघाली ते जग त्यांच्याच तिथल्या असण्याने बदलत राहतं, त्यामुळे परतायला ठिकाणच उरत नाही.

हे मी बाबांना रोज संध्याकाळी वाचून दाखवते. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, काचबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्याला अक्षर दिसत नाही. आयुष्यभर मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. आमच्याकडे बोलणं कोंकणी आणि वाचणं मराठी, तेव्हा मी जर्मन पान बघून तोंडाने मराठीत सांगते आणि ते मधेमधे कोंकणीत प्रश्न टाकतात. दिवसाला सात-आठ पानं होतात.

बाबांचे दोन टिपर होते. लोहखनिजाच्या खाणीवरून जेटीपर्यंत माल टाकायचे. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा दोन्ही टिपर अंगणात उभे राहिले, पावसात गंजले आणि शेवटी भंगाराच्या भावाने गेले. त्यामुळे जमिनीतून काही उपसून न्यायची गोष्ट निघाली की ते सरसावून बसतात. तेलाची योजना सविस्तर सांगून झाली त्या दिवशी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फाटीं वचून काडलें तरी चोरी फुडल्यांचीच जाता." मागे जाऊन काढलं तरी चोरी पुढच्यांचीच होते. मला हे वाक्य पुस्तकातल्या कितीतरी पानांपेक्षा जास्त लागलं, आणि तेव्हापासून मी हे भाषांतर वहीत लिहूनही ठेवायला लागले.

आता प्रश्न.

पहिला. समुद्र आटल्याचं बाबांना पटतच नाही. "दर्या सुकलो जाल्यार उदक खंय गेलें?" असं विचारतात, म्हणजे समुद्र सुकला तर पाणी गेलं कुठे? लेखकाने हे मनाने रचलं आहे की याला काही आधार आहे? आणि त्याच काळात आपलं गोवं कसं होतं, हा त्यांचाच दुसरा प्रश्न.

दुसरा. जर्मनमध्ये 'फोरगेस्टर्न' म्हणजे झालेला परवा आणि 'युबरमॉर्गन' म्हणजे येणारा परवा. मराठीत दोन्हींना 'परवा'. रोजच्या बोलण्यात क्रियापद सांभाळून घेतं, परवा आला, परवा येईल. पण कालप्रवासाच्या गोष्टीत नंतर निघालेला माणूस आधी पोहोचलेला असू शकतो. तिथे कुणी "कधी?" विचारलं आणि उत्तर नुसतं "परवा" आलं की सगळा गोंधळ. तेरव्याचीही तीच गत. आमच्या कोंकणीत हे वेगळं आहे: गेलेला तो 'पयर', येणारा तो 'परवां'. पण मी लिहितेय मराठीत. आणि 'कालप्रवास' हा शब्दही कसा आहे बघा. माझा भाचा दुसरीत आहे, त्याने विचारलं, "कालचा प्रवास? मग आजचा कुठला?"

शेवट कृपा करून सांगू नका. अजून सत्तर-ऐंशी पानं उरलीत.

सागरकन्या-८३:

बाय, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत माझी नोकरी झाली, बरीचशी बोटीवर. ज्या बोटीचं नाव मी इथे घेतलंय तीसुद्धा १९८३ साली जर्मनीतच, ट्राव्हेम्युंडेच्या गोदीत बांधलेली. तळाचा गाळ नळीने वर काढायचा, तो उभा चिरायचा आणि थर वाचायचे, हे काम मी डोळ्यांनी रोज पाहिलं आहे. म्हणून तुमच्या बाबांना सांगा, लेखकाने हे रचलेलं नाही.

१९७० साली 'ग्लोमार चॅलेंजर' नावाचं खोदाईचं जहाज भूमध्य समुद्रात गेलं. मोहिमेचे प्रमुख दोघे, अमेरिकेचे विल्यम रायन आणि झुरिकचे केनेथ श्यू. समुद्राच्या तळाखाली काहीतरी कठीण थर सगळीकडे पसरलेला आहे एवढं ध्वनिलहरींवरून आधीच कळलं होतं. नळी खाली गेली आणि वर आलं ते जिप्सम आणि मीठ. खोल समुद्राच्या तळाशी, उन्हात पाणी आटल्यावर बसतं तसलं मीठ. काही ठिकाणी तो थर किलोमीटरहून जाड आहे. या घटनेला सिसिलीतल्या मेसिना शहरावरून मेसिनियन क्षारसंकट म्हणतात. सुरुवात सुमारे ५९.७ लाख वर्षांपूर्वी, शेवट ५३.३ लाख वर्षांपूर्वी. येश्केने आपल्या माणसांना पन्नासेक लाख वर्षं मागे पाठवलं ते उगाच नाही. कादंबरी आली तेव्हा हा शोध दहा-अकरा वर्षांचा होता, अगदी ताजा.

पाणी गेलं कुठे? आभाळात. भूमध्य समुद्रावर ऊन इतकं आहे की नद्या आणि पाऊस मिळून जेवढं पाणी देतात त्यापेक्षा वाफ होऊन जास्त जातं. आजही. ही तूट अटलांटिक महासागर जिब्राल्टरमधून भरून काढतो. ती खिंड सर्वांत अरुंद ठिकाणी फक्त १४ किलोमीटर. त्या काळी जमीन वर उचलली गेली आणि अटलांटिककडून येणारं पाणी अडलं. एकदा ते अडलं की काही हजार वर्षांत समुद्र आटायला लागतो, आणि भूगर्भाच्या हिशेबात काही हजार वर्षं म्हणजे काहीच नाही.

पुरावा आणखी एका ठिकाणी मिळाला, आणि हा मला सर्वांत आवडतो. समुद्राची पातळी खाली गेली की नदीला खाली उतरावं लागतं, ती आपलं पात्र चिरत जाते. नाईल नदीने तेव्हा प्रचंड दरी कापली. १९६०च्या दशकात आस्वानच्या मोठ्या धरणासाठी भोकं पाडली तेव्हा नदीच्या खाली ग्रॅनाइटमध्ये खोल दरी मिळाली, आणि तिच्यात समुद्रातला गाळ. आस्वान समुद्रापासून किती आत आहे ते नकाशात बघा. कैरोखाली हीच दरी दोन किलोमीटरहून खोल आहे, आता गाळाने भरलेली.

एक गोष्ट मात्र नीट सांगा. समुद्र पूर्ण कोरडा ठणठणीत झाला होता का, यावर आजही वाद चालू आहे. कारण हिशेब साधा आहे. भूमध्य समुद्राची सरासरी खोली दीड किलोमीटर. तेवढं पाणी एकदा आटलं तर मीठ बसेल जेमतेम पंचवीस-सव्वीस मीटर. मग किलोमीटरभर मीठ आलं कुठून? म्हणजे पाणी पुन्हा पुन्हा येत होतं, किंवा थोडं थोडं सतत झिरपत होतं. काहींच्या मते तळाशी खारट पाण्याची मोठी तळी कायम होती. कादंबरीकाराने यातलं सर्वांत कोरडं चित्र उचललं आहे. तो त्याचा हक्क.

गोव्याचं उत्तर रात्री लिहितो. आता बाजारात जायचंय, मासळी संपेल.

डिचोलीची:

काका, तुमचं उत्तर बाबांना शब्दाशब्दाने वाचून दाखवलं. पंचवीस मीटरचा हिशेब ऐकल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, हे तर आगर.

माझ्या आईचं माहेर आगरवाडो, शापोरा नदीच्या काठावर. आजोबांचं मिठागर होतं. बाबा लग्नानंतर पहिली काही वर्षं उन्हाळ्यात तिथे मदतीला जायचे. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

भरतीचं खारं पाणी मानशीतून आत घ्यायचं. (जे गोव्याचे नाहीत त्यांच्यासाठी: मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. खाजन जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते, बांध तिला राखतो, आणि पाणी किती आत यायचं किती बाहेर जायचं ते मानस ठरवते.) ते पाणी आधी मोठ्या खाचरात उभं करायचं, उन्हाने दाट झालं की पुढच्या खाचरात, मग शेवटच्या लहान वाफ्यात. शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. पण एकदा पाणी भरून एकदाच मीठ काढलं तर पोट भरत नाही. मीठ ओढून काढायचं, पुन्हा दाट पाणी सोडायचं, पुन्हा ओढायचं. पाऊस पडेपर्यंत हेच. "एका उदकाचें मीठ कितलें? मुठीभर," म्हणाले. पाणी पुन्हा पुन्हा सोडल्याशिवाय रास लागत नाही.

म्हणजे काका, तुमच्या शास्त्रज्ञांचा वाद त्यांना दोन मिनिटांत कळला आणि त्यांनी निकालही दिला: जिब्राल्टरची मानस पक्की बंद नव्हती, गळत होती. आता समुद्र आटला यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे.

जिब्राल्टरला मी वहीत आता 'मानस' लिहिलं नाहीये, पण वाचताना तोंडाने तसंच म्हणते.

फोंड्याचा मास्तर:

तीस वर्षं मराठी शिकवली, त्यातली बरीच फोंडा तालुक्यात. दुसऱ्या प्रश्नावर मला राहवत नाही.

'परवा' ही मराठीची उणीव आहे असं तुम्ही धरून चाललात, ते मला मान्य नाही. मराठी आजपासूनचं अंतर सांगते, दिशा क्रियापदावर सोपवते. जर्मन दिशा शब्दातच बांधते. कालप्रवासाच्या गोष्टीत दिशाच हरवलेली असते, तेव्हा जिथे पात्र स्वतःच गोंधळलेलं आहे तिथे नुसता 'परवा' ठेवून बघा. वाचकाला जो गोंधळ होईल तोच त्या माणसाला झालेला आहे. मात्र जिथे लेखकाला स्पष्टता हवी तिथे सरळ 'दोन दिवसांपूर्वी' आणि 'दोन दिवसांनी' लिहा. एका शब्दाचे दोन होतात, होऊ देत.

खरी अडचण तुम्ही विचारलेलीच नाही. ती काळांची आहे. पन्नास लाख वर्षं मागे बसलेला माणूस आपल्या आईबद्दल बोलतो तेव्हा काय म्हणेल? ती होती? ती असेल? इथे मराठीकडे सुंदर सोय आहे. "आई अजून जन्माला यायची आहे." "ती पन्नास लाख वर्षांनी जन्मणार होती." हे 'यायची आहे' आणि 'णार होती' आपण घरात रोज वापरतो, सूनबाई यायची आहे, तो येणार होता. यात पुढचं आणि मागचं एका क्रियापदात बसतं. त्याचा भरपूर वापर करा. उलट 'घडलेलं असेल' हे जपून. जर्मनचा जो दुसरा भविष्यकाळ आहे त्याला आपण सवयीने असं लिहितो, पण मराठीत त्याला अंदाजाचा वास येतो, बहुतेक घडलं असावं असा. तसा तो जर्मनलाही येतो असं ऐकून आहे. तिथे संदर्भ बघूनच ठरवा.

'कालप्रवास' राहू द्या. भाच्याला सांगा, यातला 'काल' म्हणजे काळ, गेलेला दिवस नव्हे.

आणि एक. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तुम्ही वाचली असेलच. पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या जगात गंगाधरपंत जाऊन येतात, आणि पुरावा काय उरतो? खिशातलं बखरीचं एक पान. तुमच्या येश्केकडे पुरावा खडकातून निघतो, नारळीकरांकडे खिशातून. एकाला भूगर्भ लागतो, दुसऱ्याला बखर. दोन्ही लेखकांचा भर एका ओंजळीत मावणाऱ्या वस्तूवर आहे, आणि माझ्या मते म्हणूनच दोन्ही गोष्टी पटतात. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती आणि पहिलं बक्षीस मिळवलं होतं. आद्याक्षरं उलटी वाचा म्हणजे कळेल. काळ उलटा फिरवणाऱ्याने नावही उलटं फिरवलं.

तुमची वही इथे टाकू नका, हक्कांचा प्रश्न येतो. बाबांसाठी आहे तशीच राहू द्या. पण अशा अडचणी जरूर विचारत जा.

सत्तरीकर:

पुस्तक वाचलेलं नाही, पण तेलाबद्दल एक शंका. पन्नास लाख वर्षांपूर्वी तेल तिथे होतं का? नसेल तर सगळी योजनाच कोसळते. आणि १९८१ साली एका जर्मन लेखकाला तेलाचंच का सुचावं?

सागरकन्या-८३:

सत्तरीकर, होतं. सौदी अरेबियाचं तेल ज्या खडकात तयार झालं ते ज्युरासिक काळातले, पंधरा कोटी वर्षांच्या पलीकडचे. त्या मानाने पन्नास लाख वर्षं म्हणजे कालपरवा (मास्तर, हा झालेला परवा). इराणच्या बाजूला मात्र गंमत आहे. झाग्रोस पर्वताच्या ज्या घड्यांत तिथलं तेल अडकून राहिलं आहे त्या घड्या तेव्हा पडतच होत्या. म्हणजे येश्केची माणसं इराणात गेली असती तर आज जिथे विहिरी आहेत नेमकं तिथेच त्यांना तेल मिळालं असतं असं सांगता येत नाही.

तेलच का सुचलं, तर १९७३चा तुटवडा आठवा. पश्चिम जर्मनीत त्या नोव्हेंबर-डिसेंबरात चार रविवार खाजगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होती. मोटाररस्त्यांवर लोक चालत होते, सायकली फिरवत होते. १९७९ला पुन्हा भाव भडकले. आमची पिढी गोव्यात रॉकेलच्या रांगेत उभी होती, तिकडे ते मोकळ्या रस्त्यांवर उभे होते. १९८१ची कादंबरी त्याच धाकातून आलेली वाटते. तिला पुढच्या वर्षी कुर्ड लासवित्झ पुरस्कार मिळाला, जर्मन विज्ञानकथेचा मानाचा. लासवित्झ हे गोथा गावातले शाळामास्तर, त्यांची मंगळावरची कादंबरी १८९७ची. मास्तरांना हे आवडेल.

आणि भूमध्य समुद्र आटवायची कल्पना जर्मनांना नवी नव्हती. हेर्मान झ्योर्गेल नावाच्या म्युनिकच्या वास्तुरचनाकाराने १९२०च्या दशकात खरोखरच योजना मांडली होती की जिब्राल्टरला धरण बांधायचं, वीज काढायची, समुद्राची पातळी शंभर-दोनशे मीटर खाली आणायची आणि उघडी पडलेली जमीन वसवायची. १९५२ साली वारला, तोपर्यंत त्याच योजनेवर काम करत होता. अख्ख्या समुद्राचं खाजन करायला निघालेला माणूस. बाय, तुमच्या बाबांना हा जरूर सांगा.

आता गोवं. पन्नास लाख वर्षांपूर्वी सह्याद्री होता. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्यापुढे हा काळ अगदीच अलीकडचा. मान्सून होता, नद्या होत्या, जांभा दगड बनलेला होता. आणि डिचोली-सांखळीच्या डोंगरांत लोखंड होतं. आपला तो खडक दोन अब्ज वर्षांहून जुना, त्यातला माल पावसाने धुऊन धुऊन वर पक्का झाला, तोसुद्धा पन्नास लाख वर्षांच्या बराच आधी. तेव्हा कुणी त्या काळात गोव्यात उतरलं असतं तर त्याला बाबांच्या खाणीचा डोंगर अखंड मिळाला असता. वर रान, आत खनिज. नसलं काय, तर माणूस नव्हता.

डिचोलीची:

अखंड डोंगर हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण बाबांनी दोनदा वाचायला लावलं.

आमच्या घराच्या मागच्या बाजूने पूर्वी एक डोंगर दिसायचा. मी शाळेत असताना त्याच्यावर काजू होते, करवंदं होती. आता तिथे खंदक आहे, पाण्याने भरलेला, कडेने लाल मातीचे डंप. पावसाळ्यात त्या डंपांची माती ओहोळात उतरायची आणि खालच्या शेतांत बसायची. आमच्या शेजाऱ्यांचं कुळागर होतं, सुपारीच्या मुळाशी तीच माती. बाबांनी त्याच मालावर आमचं शिक्षण केलं, माझं जर्मनसुद्धा त्यातूनच आलं. हे ते लपवत नाहीत आणि मीही नाही. २०१०-११ला गोव्यातून पाच कोटी टनांवर खनिज बाहेर गेलं, त्या वर्षी बाबांचे टिपर रात्री दहालाही थांबत नव्हते. मांडवीत बार्जमागे बार्ज.

काल रात्री त्यांनी विचारलं, पुस्तकातल्या त्या माणसांनी तेलाऐवजी आपला डोंगर नेला असता तर? मी म्हटलं, मग तुम्हाला टिपर घ्यायला काही उरलंच नसतं. त्यावर म्हणाले, हां, आणि मला ठाऊकही नसतं की इथे काही होतं. पहिल्यापासून सपाट असतं तर सपाटच वाटलं असतं. गेलेलं कळायला आधी बघितलेलं असावं लागतं.

यावर मी बराच विचार केला. येश्केच्या अडकलेल्या माणसांचं दुःख नेमकं हेच आहे. त्यांनी आधीचं जग बघितलं आहे, ते आता कधी होणारच नाही, आणि आठवणारे फक्त तेच. मास्तर, तुमचं 'णार होती' मी तिथेच वापरलं आणि ते इतकं चपखल बसलं की वाचताना माझा आवाज हलला. जर्मनमध्ये ते पान वाचताना मला असं झालं नव्हतं.

'परवा'चं असं ठरवलंय: निवेदनात दोन दिवसांपूर्वी, दोन दिवसांनी. माणसं गोंधळलेली असतील तिथे नुसता परवा. आणि बाबांना तोंडाने सांगताना पयर आणि परवां, कारण त्यांच्या कानाला तेच सरळ पडतं.

झ्योर्गेलबद्दल सांगितलं. बाबा म्हणाले, बांध घालणं सोपं, तो राखणं कठीण. खाजनाचा एक बांध फुटला तर अख्खा गाव धावतो. जिब्राल्टरला धावायला कोण होतं?

सत्तरीकर:

आमच्याकडेही तसाच एक खंदक आहे. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. जिब्राल्टरची मानस शेवटी फुटली कशी, तेवढं काकांनी सांगावं.

सागरकन्या-८३:

५३.३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिक पुन्हा आत शिरला. २००९ साली एका अभ्यासात असा हिशेब मांडला गेला की बहुतेक पाणी काही महिने ते दोन वर्षांत भरलं असावं, म्हणजे समुद्राची पातळी दिवसाला काही मीटर चढली असेल. सगळ्यांना ते मान्य नाही, काही म्हणतात हळूहळू भरला. पण जिब्राल्टरच्या तळाखाली पाण्याने कापलेली लांबच लांब घळ आहे, हे खरं. कादंबरीत हा प्रसंग येतो का ते मी विचारत नाही, तुम्हाला शेवट ऐकायचा नाहीये.

एक विनंती. मी गाळ पाहिला, जिप्सम पाहिलं, पण पणजीत जन्म काढूनही चालू मिठागर जवळून कधी पाहिलं नाही. रिबंदरची आगरं बसमधून दिसायची तेवढीच. पाणी दाट होत जाताना मिठाच्या आधी जिप्सम बसतं. पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम, दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ. ते आगरवाडोच्या वाफ्यांत कुठल्या खाचरात बसतं ते मला बाबांकडून समजून घ्यायचंय.

डिचोलीची:

आजोबांचं आगर आता दुसरे करतात, पण ते आपल्यातलेच आहेत. बाबांना विचारलं. म्हणाले, मधल्या खाचराच्या तळाला एक पांढरी खरखरीत साल धरते, पायाला टोचते, ती मोसम सुरू करायच्या आधी खरवडून काढावी लागते. तेच तुमचं जिप्सम असणार.

मार्चच्या शेवटी या. आधी आलात तर मीठ धरलेलं नसेल, आणि मे लागला की सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं, कुणी नीट बोलणार नाही. मी बाबांना घेऊन सकाळी सातला मोरजीला मावशीकडे पोहोचते, तिथून आगरावर जाऊ. दहानंतर त्या उजेडात त्यांच्या डोळ्याला त्रास होतो.